आसरा कोठे घ्यावा? शहरसहल व गडगडाटी पाऊस यांविषयी एक पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी)

निफाड तालुक्यातील प्राथमिक शाळांच्या सहली पुष्कळदा नाशिकलाच जातात. अंतर फार नाही, एस.टी.ची सोय आहे, आणि रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा, पांडवलेणी ही स्थळे एका दिवसात पाहून मुले दिवेलागणीला घरी परत येऊ शकतात. सहलीखेरीज परीक्षा, क्रीडास्पर्धा, विज्ञान-प्रदर्शन अशा निमित्तांनीही शिक्षकांस मुले घेऊन शहरात जावे लागते. अशा प्रत्येक प्रसंगी वर्गणी, पालकांची संमतिपत्रे, डबे, पाणी, प्रथमोपचारपेटी यांची तयारी काळजीपूर्वक केलेली आढळते. आकाशाचा विचार मात्र क्वचितच होतो.

सहलीचे दिवस थंडीचे, त्या दिवसांत पाऊस कुठला, असे यावर कोणी म्हणेल. निफाडकरांनी तरी तसे म्हणू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्याच्या मोठ्या भागात झालेली गारपीट आणि २६ नोव्हेंबर २०२३ रोजी तालुक्यात झालेली गारपीट यांनी द्राक्षबागांची काय दशा केली, ते येथील घरोघरी ठाऊक आहे. वळीव चैत्र-वैशाखात येतो, हस्ताचा पाऊस गडगडाट करीत भाद्रपद-आश्विनात निरोप घेतो, आणि मधले महिनेही आता निर्धास्त राहिलेले नाहीत. सबब हा पाठ सहलीच्या आधल्या आठवड्यात घ्यावा. महिना कोणता आहे हे पाहत बसू नये.

खेड्यातील मूल विजेविषयी अगदीच अजाण नसते. ढग भरून आले की बाभळीखाली थांबू नये, उघड्या रानात उभे राहू नये, विहिरीत पोहत असल्यास बाहेर यावे, हे त्याला वडीलधाऱ्यांनी सांगितलेले असते. द्राक्षाच्या मांडवाला लोखंडी अँगल व शेकडो फूट तारा असतात. एका टोकाला पडलेली वीज तारेवाटे दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते, म्हणून वीज कडाडू लागताच बागेतील माणसे काम टाकून घराकडे निघतात. कांद्याच्या चाळीत भिजणे टळते, पण चाळ म्हणजे घर नव्हे, हेही पुष्कळांस कळते. एकंदरीत गावातील मुलाच्या मनात ‘घर गाठावे’ हा एकच नियम पक्का बसलेला असतो, आणि गावात तो पुरतो. गावात कोणतेही दार आपलेच असते.

शहरात गेल्यावर हा नियम लटका पडतो. तेथे घर नाही, ओळखीचे दार नाही. मग पावसाचे टपोरे थेंब पडू लागताच मूल काय करते? दिसेल त्या छपराखाली शिरते. मोठी माणसेही तेच करतात. येथेच या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. पावसापासून आसरा आणि वाऱ्या-विजेपासून आसरा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यास कोणतेही छप्पर चालते. दुसऱ्यास बहुतेक छपरे चालत नाहीत, काही छपरे तर उघड्यावर उभे राहण्याहूनही घातक ठरतात. भिजणे हा अपघात नव्हे, हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतले तरी चालेल.

गेल्या काही वर्षांत आपल्याच राज्यात व देशात घडलेल्या घटना या दृष्टीने तपासून पाहाव्यात. १७ एप्रिल २०२३ रोजी सायंकाळी पिंपरी-चिंचवडजवळ रावेत-किवळे येथे वादळी वाऱ्यासह पाऊस आला. सेवारस्त्यावरील काही माणसे जाहिरातीच्या एका मोठ्या फलकाच्या आडोशाला थांबली. वाऱ्याने तो लोखंडी सांगाडाच त्यांच्यावर कोसळला व पाच जण मरण पावले. त्याआधी आठच दिवस, ९ एप्रिल २०२३ रोजी, अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिराच्या आवारात जमलेले भाविक वादळ-पावसामुळे पत्र्याच्या मंडपाखाली आले. शेजारचा जुना कडुनिंब त्या पत्र्यावर पडला आणि सात जणांचा अंत झाला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे धुळीच्या वादळात एक अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला. तेथे थांबलेल्यांपैकी सतरा जण प्राणास मुकले, सत्तरांहून अधिक जखमी झाले. तो फलक सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता. मुंबईत अशा फलकांना ४० फूट बाय ४० फूट ही मर्यादा होती. जयपूर येथे ११ जुलै २०२१ रोजी आमेरच्या किल्ल्यासमोरील टेकडीवरील बुरुजावर पाऊस पाहावयास व छायाचित्रे काढावयास गेलेल्या मंडळींवर वीज पडून अकरा जण गेले. यांतील बहुतेक प्रेक्षक म्हणून, सहलीच्या मनःस्थितीतच तेथे गेले होते, हे सहल नेणाऱ्या शिक्षकाने विशेष ध्यानात घ्यावे.

एक घटना यांहून निराळी आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईच्या तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी, स्थानकावर अचानक आलेल्या पावसामुळे उतारू पादचारी पुलावरच थांबून राहिले. मागून येणारी गर्दी वाढतच गेली, आणि अरुंद जिन्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत तेवीस जणांचे प्राण गेले. येथे वीज पडली नव्हती, काही कोसळलेही नव्हते. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी एकाच लहान जागेत आसरा शोधला, एवढेच घडले होते.

या घटना मुलांस सांगाव्यात काय, असा प्रश्न काही शिक्षक उपस्थित करतील. सांगाव्यात, परंतु मृतांच्या संख्येवर भर देऊन मुलांची झोप उडवू नये. प्रत्येक घटना सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : ‘ही माणसे कोठे थांबली होती?’ उत्तरे फळ्यावर एकाखाली एक लिहावीत. जाहिरातफलक, झाडाशेजारचा पत्रा, पेट्रोल पंप, उंच बुरुज, अरुंद पूल अशी यादी मुलांच्या तोंडूनच तयार होते व ती शिक्षकाने सांगितलेल्या नियमांपेक्षा अधिक टिकते.

फलक वाऱ्याने का पडतात, हे गणिताच्या तासाला जोडून घेण्याजोगे आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या आलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर स्थूलमानाने १७ किलोग्रॅम वजनाइतका भार टाकतो. ४० फूट लांब व २० फूट उंच फलकाचे क्षेत्रफळ सुमारे ७४ चौरस मीटर भरते. म्हणजे त्यावर सव्वा टनाचा भार आला. वारा ताशी १२० किलोमीटरचा झाला तर पाच टनांचा. शेतातील कणगी वाऱ्याने कलंडते, छपराचा पत्रा उडून शेजारच्या वावरात जाऊन पडतो, हे मुलांनी पाहिलेले असते. शहरातला फलक म्हणजे चार खांबांवर उभा केलेला तसाच पत्रा होय. फलकाच्या उंचीच्या दीडपट अंतरात थांबू नये, इतके मुलांस सांगावे. लग्नमंडप, कमानी, रचलेल्या पहाडी आणि बांधकाम चाललेल्या इमारतीचा पायथा यांनाही हाच नियम लावावा.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धूळ उडू लागली, गार वारा सुटला, म्हणजे पाऊस यायला अजून अवकाश आहे, असे समजून माणसे आपापली कामे उरकीत राहतात. वस्तुतः तो गार वारा ढगातूनच आलेला असतो. पावसाळी ढगात वर थंड झालेली जड हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आदळते आणि ढगाच्या पुढे चहूकडे पसरते. फलक, झाडे व पत्रे पुष्कळदा याच पहिल्या झोताने कोसळतात, पाऊस मागाहून येतो. तेव्हा उन्हाच्या काहिलीत एकाएकी गार झुळूक अंगावर आली की तिचे कौतुक करीत थांबू नये, मुले गोळा करावीत.

आता विजेविषयी. वीज चमकणे आणि गडगडणे या क्रिया एकाच वेळी होतात. प्रकाश तत्काळ पोहोचतो, ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. नदीच्या पलीकडल्या काठावर धुणे धुणारी बाई कपडा आपटताना आधी दिसते आणि आवाज किंचित मागून येतो, हे मुलांच्या पाहण्यातले आहे. प्रयोग करावयाचा असल्यास शिवारातील सरळ रस्त्यावर ३४० मीटर अंतर मोजून घ्यावे. त्या टोकाला एका मुलाने हात पुरता वर नेऊन थाळीवर दांडका मारावा व या टोकाला बाकीच्यांनी कान द्यावा. दृश्य आणि ध्वनी यांत एका सेकंदाचे अंतर पडते. यावरून चमक व गडगडाट यांमधील सेकंदांस तीनने भागले की विजेचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते, हे मुले स्वतःच काढतील. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर, तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर.

दहा किलोमीटर म्हणजे दूर, असे मात्र त्यांस वाटू देऊ नये. वीज ढगापासून कित्येक किलोमीटर दूर, जेथे पाऊसही नाही अशा ठिकाणी पडू शकते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थच आपण तिच्या टप्प्यात आहोत. तो ऐकताच आत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस थांबला म्हणून लगेच बाहेर पडलेली माणसेही विजेने दगावतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मरण पावली. एवढा मोठा आकडा दरवर्षी एकेकट्या माणसांच्या मृत्यूंतून साठत जातो. म्हणून पूर-भूकंपाइतकी त्याची चर्चा होत नाही.

शहराची अडचण अशी की तेथे आकाश दिसत नाही आणि गडगडाट ऐकू येत नाही. निफाडच्या रानात उभे राहिले म्हणजे क्षितिजावर चढणारा ढग तासभर आधी दिसतो. नाशिकच्या गल्लीत दोन इमारतींच्या मधून आकाशाची चिंधीच काय ती दिसते. मोटारींच्या कर्ण्यांत लांबचा गडगडाट बुडून जातो. मुलांची नैसर्गिक सूचनायंत्रणा येथे आंधळी व बहिरी होते. म्हणून ते काम एका शिक्षकाकडे नेमून द्यावे. सहल निघण्यापूर्वी आदल्या सायंकाळी व त्या दिवशी सकाळी भारतीय हवामान विभागाचा जिल्ह्याविषयीचा इशारा पाहावा. पिवळा रंग सावधतेचा, नारिंगी तयारीचा, तांबडा कृतीचा. नारिंगी किंवा तांबडा इशारा असल्यास सहल पुढे ढकलावी, यात कमीपणा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने केलेले ‘दामिनी’ नावाचे उपयोजन मोबाइलवर घेता येते. आपल्या भोवतालच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास ते सूचना देते. ज्या शिक्षकाकडे हे काम असेल त्याने त्या दिवशी छायाचित्रे काढण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे. दोन्ही कामे एका मोबाइलवर नीट होत नाहीत.

मग सुरक्षित जागा कोणती? चारी बाजूंनी भिंती, वर सिमेंटचा स्लॅब, वीज व नळ यांची जोडणी असलेली पक्की इमारत. अशा इमारतीवर वीज पडली तरी तिच्या तारा, नळ व काँक्रीटमधील लोखंड यांतून ती जमिनीत जाते. आत गेल्यावर नळाला, भिंतीला व खिडकीच्या गजांना टेकू नये, गच्चीवर वा गॅलरीत जाऊ नये, मोबाइल चार्जरला लावून हातात धरू नये. तारेचा जुना दूरध्वनी वापरू नये. बाहेर असताना नुसत्या मोबाइलमुळे वीज ओढली जाते, ही समजूत मात्र खोटी आहे. आणीबाणीत तो जरूर वापरावा.

इमारतीच्या खालोखाल बंद खिडक्यांची एस.टी. बस. रबरी चाकांमुळे बस सुरक्षित असते, असे पुष्कळ जण सांगतात. ते बरोबर नाही. मैलोगणती हवा भेदून आलेल्या विजेला वीतभर रबराचा अडसर काय होणार? संरक्षण मिळते ते बसच्या धातूच्या कवचामुळे. वीज त्या कवचावरून बाहेरच्या बाजूने जमिनीत उतरते. म्हणून बसमध्ये बसून दांड्या धरू नयेत, हात मांडीवर ठेवावेत, आणि चालकास बस झाडाखाली, फलकाखाली वा विजेच्या तारांखाली उभी न करण्यास सांगावे. तार तुटून बसवर पडलीच तर मुलांनी जागचे हलू नये. एक पाय पायरीवर व एक जमिनीवर, या क्षणीच घात होतो. खांब, तार किंवा रस्त्याकडेची विजेची पेटी धोकादायक दिसल्यास महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे.

याच्या उलट, एस.टी. थांब्याची शेड, टपरी, फळविक्रेत्याची छत्री, बागेतील पत्र्याची छपरी यांनी भिजणे टळते, वीज टळत नाही. उड्डाणपुलाखाली दुचाकीस्वार थांबतात. वर काँक्रीट आहे हे खरे, परंतु धोका तेथे रहदारीचा आहे, चाळीस मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेस उभे राहण्याची ती जागा नव्हे. आणि मोकळ्या मैदानात सापडल्यास उकिडवे बसावे असे जे आपण शिकवीत आलो, त्याविषयी आता तज्ज्ञ अधिक सावधपणे बोलतात. जवळ काहीच आसरा नसेल तर पावले जुळवून, मान खाली घालून, जमिनीला हात न टेकता बसावे, आडवे मात्र कधीही पडू नये, इतकेच तथ्य त्यात आहे. जमिनीतून पसरणारी वीज दोन पायांमधील अंतर जितके अधिक तितकी जास्त शरीरातून जाते. झाडाखाली माणसापेक्षा बैल अधिक दगावतात याचे एक कारण हेच. पण बसून राहिल्याने मूल सुरक्षित झाले, असे समजू नये. पक्की इमारत दिसत असेल तर तिकडे जाणेच श्रेयस्कर.

नाशिकचा दिवस कसा आखावा, हे यावरून ठरते. गडगडाटी ढग बहुधा दुपारनंतर, जमीन तापल्यावर, तयार होतात. म्हणून उंच व उघडी स्थळे सकाळी आणि बंदिस्त स्थळे दुपारी घ्यावीत. पांडवलेणी त्रिरश्मी डोंगरावर, शहराच्या दक्षिणेस मुंबई-आग्रा रस्त्यालगत आहेत. ती पहिल्याने पाहावीत. चढण्यास आरंभ करण्यापूर्वी पायथ्याशीच आकाश पाहून निर्णय करावा, पायऱ्यांच्या मध्यावर नव्हे. वर असताना वीज होऊ लागली आणि उतरण्यास वेळ नसेल तर मुलांना मोठ्या विहाराच्या आत, दाराशी व भिंतीशी न टेकता बसवावे. उथळ लेण्याच्या तोंडाशी उभे राहणे झाडाखाली उभे राहण्याहून फारसे निराळे नाही.

रामकुंडावर पहिल्या गडगडाटास पाण्यातील व काठावरील सर्व मुले वर आली पाहिजेत. तेथे दुतोंड्या मारुती मुलांना अवश्य दाखवावा. पुराचे पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशा शब्दांत नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. मापनपट्टीचा यापेक्षा चांगला धडा शोधून सापडणार नाही. पलीकडे नारोशंकराच्या मंदिराची प्रसिद्ध घंटा आहे, तिच्याशीही पुराच्या आठवणी निगडित आहेत. पावसाळ्यात वर गंगापूर धरणातून पाणी सोडले असल्यास घाटावर मुलांना उतरवूच नये. मोठ्या सरीने सराफ बाजाराच्या बाजूस नाल्याचे पाणी रस्त्यावर येते. अशा वेळी वाहत्या पाण्यातून मुलांची रांग नेऊ नये, मग ते घोट्याइतके का असेना. पाण्याखाली गटाराचे झाकण आहे की भोक, हे वरून दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत पोटविकारांचे एक नामांकित डॉक्टर पाण्याखालच्या अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. मुंबईचे रस्ते ते चांगले ओळखणारे होते. सीतागुंफेची वाट अरुंद आहे. पाऊस सुरू झाल्यावर बाहेरची गर्दी जेथे शिरू पाहील तेथे आपली मुले नेऊ नयेत.

पंचवटीत आसऱ्याची सोय आधीच करून ठेवावी. सहलीची तारीख ठरताच तेथील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांस पत्र लिहावे, की अमुक दिवशी अमुक वेळी आमची इतकी मुले घाटावर असतील, हवा बिघडल्यास तासभर आपल्या शाळेत बसू द्यावे. शाळा शाळेस नाही म्हणत नाही. बसस्थानकाची पक्की इमारत, मोठे मंगल कार्यालय किंवा १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय यांपैकी कोठे थांबता येईल, याचीही विचारणा करावी. वाचनालयास तर कार्यक्रमातच स्थान दिले तरी ते वाया जाणार नाही. मुले खेड्यातली म्हणून त्यांस देवळेच दाखवावीत, असा काही नियम नाही.

शिक्षकाची खरी कसोटी याहून पुढे आहे. मुलांनी महिनाभर पैसे साठवलेले असतात, एक स्थळ राहिले तर ती हिरमुसतात, पालक विचारतात, ‘गुरुजी, काळाराम दाखवलाच नाही?’ या भीडेपोटी ‘पटकन पाहून येऊ’ असा निर्णय होतो आणि चाळीस मुले पाच मिनिटांसाठी उघड्यावर निघतात. याला उपाय असा, की पालकांस देण्याच्या पत्रकातच दोन कार्यक्रम छापावेत, एक कोरड्या हवेचा व दुसरा वादळी हवेचा, आणि कोणता पाळावयाचा हे सहलप्रमुख शिक्षक त्या वेळी ठरवतील असे नमूद करावे. मग स्थळ गाळणे हे कार्यक्रम मोडणे ठरत नाही, दुसरा कार्यक्रम पाळणे ठरते. शब्दांचाच फरक आहे, पण ऐन वेळी तो शिक्षकाच्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके करतो.

वर्गातील पाठासाठी पटांगणावर चुन्याने नाशिकचा आराखडा काढावा. नदी, घाट, बसस्थानक, रस्ता व टेकडी एवढे पुरे. पुठ्ठ्याचे फलक, झाडे, शेड, पक्क्या इमारती व बस मुलांकडूनच करून घेऊन जागोजाग मांडाव्यात. मुलांचे दहा-दहांचे गट करावेत, प्रत्येकास एक नायक नेमावा व गट निरनिराळ्या ठिकाणी उभे करावेत. शिक्षकाने थाळी वाजविताच प्रत्येक नायकाने आपला गट कोठे न्यावयाचा ते ठरवून चालत न्यावा, पळत नव्हे. पोहोचताच गटाची मोजणी करावी. पहिल्या खेपेस निम्मे गट जवळच्या शेडमध्ये शिरतील. त्यांस रागे भरू नये. ‘येथे काय काय पडू शकते?’ असे विचारून पुन्हा खेळ घ्यावा. ज्या गटाजवळ कोणतीच इमारत नाही असा एक गट मुद्दाम ठेवावा, म्हणजे बसकडे वळण्याचा विचार मुलांना स्वतःच सुचतो.

विजेने पडलेल्या माणसाविषयीचा भाग सातवीस अवश्य शिकवावा. पायाळू माणसावर वीज पडते, विजेने पडलेल्याच्या अंगात वीज राहते, म्हणून त्याला शिवू नये, या समजुती अद्याप ऐकू येतात. देशाच्या काही भागांत अशा माणसास चिखलात वा शेणात पुरून ठेवतात आणि वाचविण्याजोगा वेळ त्यात निघून जातो. विजेचा धक्का क्षणात संपतो, शरीरात काहीही उरत नाही. त्या माणसास ताबडतोब हात लावता येतो, लावलाच पाहिजे. तो हाकेला ओ देत नसेल व श्वास चालत नसेल तर हृदय बंद पडलेले असण्याचा संभव असतो. १०८ किंवा ११२ क्रमांकावर एकाने कळवावे आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटास १०० ते १२० या गतीने जोराने दाबत राहावे, मोठ्या माणसाची छाती सुमारे पाच सेंटिमीटर खाली जाईल इतके. मदत येईपर्यंत थांबू नये. एकाच वेळी अनेकांस धक्का बसला असेल तर जो कण्हतो आहे त्याच्यापेक्षा जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जावे. कण्हणारा श्वास घेत असतो. इतर अपघातांत याच्या उलट क्रम पाळतात, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. छाती दाबण्याची रीत वाचून येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांस विनंती करून किमान दोन शिक्षकांनी ती हाताने करून शिकून घ्यावी.

पाठाच्या अखेरीस लेखी परीक्षा घेण्याची जरुरी नाही. पुढील प्रश्न तोंडी विचारावेत. ‘रामकुंडावर आहात, गार वारा सुटला आहे, पाऊस नाही. काय कराल?’ ‘वीज चमकली आणि पंधरा मोजल्यावर गडगडाट झाला. वीज किती दूर? थांबाल की जाल?’ ‘पाऊस जोराचा आहे. डाव्या हातास पत्र्याची शेड, उजव्या हातास शंभर पावलांवर शाळा. कोठे जाल?’ या शेवटच्या प्रश्नास कोणी तरी ‘शाळा, पण भिजू’ असे उत्तर देईल. ते पूर्ण गुणांचे समजावे. एखादा विद्यार्थी ‘शेडजवळ झाड आहे का? वर फलक आहे का?’ असे उलट विचारील. त्या विद्यार्थ्यास सहलीत गटनायक नेमावे.